डबा चंदेरी झाला, पण स्टीलचा दिसत नाही

धुळ्याच्या एका भाऊंनी विचारलंय. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी त्यांना मॉडेल रेल्वेचा एक प्रवासी डबा आणून दिला, एचओ मापाचा (खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा), बाजूंना पन्हळ्या असलेला, बिनरंगाचा. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून चंदेरी स्प्रे आणला आणि दोन हात मारले. डबा रवाळ दिसायला लागला, म्हणून वरून क्लिअर (पारदर्शक वार्निश) मारला, तर सगळा करडा पडला. ते लिहितात, ‘गच्चीवरच्या टाकीला रंग दिल्यासारखा दिसतो. खऱ्या स्टेनलेस स्टीलसारखा दिसावा म्हणून कोणता सिल्वर घेऊ?’

भाऊ, मी भुसावळचा. तीस वर्षं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेली आणि त्यातली शेवटची अठरा वर्षं संध्याकाळी घरी असे डबे रंगवतोय. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येईल, दोन-चार रंगांची नावं लिहिता येतील, पण त्यातला सगळ्यात महाग रंग आणून तुम्ही याच पद्धतीने मारलात तर टाकीच दिसेल, थोडी महागडी. तुमची अडचण सिल्वरच्या आधी सुरू झालीये. खालचा पृष्ठभाग तयार नव्हता, रंगातले कण मापाच्या मानाने फार मोठे होते, आणि छपरापासून दारापर्यंत सगळा डबा एकाच झाकेत गेला. सिल्वर कुठला घ्यायचा, ते या तिन्हीनंतर.

आधी एक काम करा. घरातली स्टीलची कळशी खिडकीपाशी ओट्यावर ठेवा आणि दहा मिनिटं नुसती बघा. मी हे केलं तेव्हा वीस वर्षं गाड्या रंगवून झालेल्या होत्या, तरी त्या दिवशी जे दिसलं ते आधी दिसलं नव्हतं. कळशीच्या पोटाचा वरचा भाग खिडकीतलं आभाळ दाखवतो, तो जवळजवळ पांढरा. खालचा भाग ओट्याची काळी कडप्पा दाखवतो, तो जवळजवळ काळा. मधे करडा रंग असतो तो अगदी थोडा. गळ्याशी खरखरीत घासणीच्या बारीक रेघा, तिथे चमक पसरट आणि मंद. काठावर हात लागून लागून झालेली गुळगुळीत कड, ती एका धाग्याएवढी लखलखते. कळशी एकच, स्टील एकच, आणि ‘चंदेरी’ म्हणावा असा रंग तिच्यावर शोधून सापडत नाही. तुमच्या डब्याची प्रत्येक पन्हळ म्हणजे अशी एक आडवी कळशी आहे. तिची वरची बाजू उजळ आणि खालची गडद दिसली की डोळा म्हणतो, हे स्टील.

आता कणांचं. चंदेरी रंगात अॅल्युमिनियमच्या बारीक चपट्या कपच्या असतात. गाड्यांच्या साध्या सिल्वरमध्ये त्या साधारण ३० मायक्रॉनच्या धरा. एचओ म्हणजे १:८७. म्हणजे ३० मायक्रॉनची कपची खऱ्या डब्याच्या मापात अडीच मिलिमीटरच्या वर गेली, बाजरीच्या दाण्याएवढी. अख्ख्या डब्याला बाजरीएवढ्या चमचमत्या टिकल्या चिकटवल्या तर तो रवाळ दिसणारच. हार्डवेअरचा स्प्रे गेट आणि ग्रिलसाठी बनवलेला असतो, तिथे हे चालून जातं. आपल्याला कपची इतकी बारीक हवी की सुट्टा कण डोळ्याला दिसताच कामा नये.

पण बारीक कणसुद्धा खडबडीत पृष्ठभागावर पडले तर कामाचे नाहीत. कपच्या आडव्या, एकमेकींना लागून, फरशीसारख्या पडल्या तर उजेड एका दिशेला परत फेकतात आणि धातू दिसतो. त्या उभ्या-आडव्या कशाही पडल्या तर उजेड विखुरतो आणि करडा रंग दिसतो. माझे गॅरेजमधले उस्ताद स्प्रे गन हातात देण्याआधी पत्र्यावरून तळवा फिरवायला लावायचे. म्हणायचे, ‘भो, हाताला जे लागतंय ना, ते सिल्वर मारल्यावर दुप्पट दिसणार.’ ते मोटारीच्या दरवाज्याबद्दल बोलत होते. एचओच्या डब्याला तर ते जास्तच लागू पडतं.

म्हणून आधी सध्याचा रंग काढा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: एनसी थिनर (गाडीचा रंग पातळ करायचं द्रव) वापरू नका. माझ्या पहिल्या चांगल्या डब्याच्या छपरावर मी थिनरचं फडकं फिरवलं होतं, गाडीच्या पत्र्यावर फिरवतो तसंच. प्लॅस्टिक मऊ होऊन छपराच्या रेघा फडक्याबरोबर पुसल्या गेल्या. तो डबा आजही माझ्याकडे आहे आणि त्यावर काही करता आलेलं नाही. केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. खिडक्यांच्या काचा, चाकं, दिवे सगळं काढून बॉडी त्यात बुडवून ठेवा आणि मऊ टूथब्रशने पन्हळीच्या दिशेने घासा. आधी तळाच्या लपलेल्या भागावर थोडं लावून बघा. सगळे स्प्रे त्याने निघतील असं नाही. नाहीच निघाला, तर सपाट भाग १५०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याखाली हलका घासा आणि पन्हळ्यांना पेपर लावू नका, त्यांच्या कडा जातील. नंतर भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. इथून पुढे उघड्या बोटांनी डबा धरायचा नाही, हातमोजे घाला. बोटाचं तेल आज दिसत नाही, सिल्वर मारल्यावर पूर्ण ठसा उमटतो.

मग बारीक करडा प्रायमर, पातळ. तो वाळल्यावर सपाट भागांवर २००० नंबरचा पेपर, आणि त्यावर चकचकीत काळा. हा काळा बघून बरेच जण बिचकतात. चांगल्या धातुरंगाचा थर इतका पातळ असतो की कपच्यांच्या फटींमधून थोडा उजेड खाली जातो. खाली करडा किंवा पांढरा असेल तर तो उजेड तिथून विखरून परत येतो आणि चमक मळकट करतो. काळा तो गिळून टाकतो. शिवाय काळ्यावर प्रत्येक दोष आधीच दिसतो. धुळीचा कण, ओघळ, ऑरेंज पील म्हणजे संत्र्याच्या सालीसारखे खळगे, सगळं. काळा डबा खिडकीसमोर तिरका धरा. त्यात खिडकीचे गज सरळ दिसले पाहिजेत. वाकडे-तिकडे दिसत असतील तर सिल्वरची बाटली उघडू नका. पुन्हा घासा, पुन्हा काळा मारा. माझा निम्म्याहून जास्त वेळ या काळ्यावरच जातो.

काळा पूर्ण वाळू द्या. हाताला सुका लागणं वेगळं आणि आतून सुकणं वेगळं. लॅकर असेल तर एक दिवस, इनॅमल असेल तर मी उन्हाळ्यातसुद्धा तीन दिवस आणि डिसेंबर-जानेवारीत आठवडा देतो. घाई केली की वरच्या रंगातलं सॉल्व्हंट काळ्यात शिरतं आणि भेगाळलेल्या जमिनीसारखी जाळी उठते.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणता सिल्वर. हे तुम्हाला काय मिळतं आणि तुमच्याकडे एअरब्रश (हवेच्या दाबावर चालणारी छोटी स्प्रे गन) आहे का, यावर आहे. अॅल्क्लॅडचे लॅकर धातुरंग या कामासाठी फार चांगले. ते बाटलीतूनच पातळ येतात, १२ ते १५ पीएसआय दाबाने मारायचे, आणि त्यातल्या जास्त चमकेच्या शेड्सना चकचकीत काळा आधार लागतोच. पण ज्वलनशील रंग कुरिअरने मागवणं दर वेळी जमत नाही. व्हालेहोचे मेटल कलर पाण्यावरचे आहेत, त्यांचे कणही बारीक असतात, वास कमी, आणि पहिल्या डब्यासाठी मी तुम्हाला तेच सुचवेन. तामियाचे छोट्या बाटलीतले लॅकर सिल्वरही चांगले, त्यांच्याच लॅकर थिनरमध्ये. एअरब्रश नसेल तर तामियाच्या स्प्रे कॅनमधला चांगला सिल्वर काळ्यावर अगदी हलक्या हाताने मारा. फरक नक्की दिसेल, फक्त वेगवेगळ्या झाका करताना हात बांधल्यासारखे होतील.

माझ्या धंद्यातली एक वाट सांगतो. मोटारीचे रंग मशीनवर मिसळून देणाऱ्या दुकानात सिल्वरचे टिंटर, म्हणजे मिसळायचे मूळ रंग, बारीक, मध्यम आणि जाड अशा कणांत असतात. त्यांच्याकडचा सगळ्यात बारीक बेसकोट मागा, कार्डावरची शेड मागू नका. धुळ्या-जळगावला अशी दुकानं आहेत. मात्र त्या रंगाचं सॉल्व्हंट प्लॅस्टिकला खातं. खाली प्रायमरचा सलग थर हवा आणि वरून ओला हात अजिबात नको. नुसत्या धुक्यासारखे फवारे, प्रत्येकामध्ये पाच मिनिटं. हाताला गनची सवय नसेल तर या वाटेला लगेच जाऊ नका.

मारताना एकाच हातात काळा झाकायचा नाही. पहिल्या हातानंतर डबा धुरकट काळा दिसतो, दुसऱ्यानंतर गन-मेटलसारखा, तिसऱ्या-चौथ्याला धातू जागा होतो आणि तिथेच थांबायचं. आणखी एक हात मारावासा वाटतो तेव्हा बाटली बंद करा. थर जाड झाला की कपच्या ओल्या रंगात तरंगतात, एका जागी गोळा होतात आणि ढग दिसतात. नोझल ०.३ मिलिमीटरचं पुरतं, अंतर तीन बोटांचं, आणि हात डब्याच्या बाहेर सुरू होऊन बाहेरच थांबला पाहिजे.

आपल्याकडच्या हवेबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण परदेशातले व्हिडिओ बघून आपण त्यांच्या हवेत काम करायला जातो. एप्रिल-मेमध्ये भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारी दोनला गन चालवली की रंग हवेतच सुकतो आणि डब्यावर भुकटी बसते. भाऊ, तुम्ही स्प्रे कोणत्या महिन्यात मारलात ते लिहिलं नाही, पण उन्हाळ्यातली दुपार असेल तर रवाळपणाचं एक कारण तेही असू शकतं. मी उन्हाळ्यात पहाटे साडेपाच-सहाला मारतो आणि लॅकरमध्ये थोडं रिटार्डर (रंग सावकाश सुकवणारं द्रव) घालतो. कूलर त्या खोलीतच काय, शेजारच्या खोलीतही चालू ठेवत नाही. कूलर दमट हवा आणि बाहेरची धूळ दोन्ही आत आणतो, आणि दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो. पावसाळ्यात झड लागलेली असेल तर लॅकरला हात लावू नका, डबा कपाटात ठेवा. आणि लॅकर घरात मारणार असाल तर केमिकलच्या वाफा अडवणारा कार्ट्रिजचा मास्क हवाच. कापडी मास्क किंवा रुमाल त्या वाफांना थांबवत नाही. आजूबाजूला गॅस, देवाचा दिवा, काही पेटलेलं नको. धंद्यातल्या कितीतरी जणांच्या छातीवर याचा परिणाम झालेला मी पाहिलाय.

आतापर्यंत डबा धातूचा झाला. स्टीलचा अजून व्हायचाय, आणि इथे तुमचा डबा नेमका कुठला हे कळलं पाहिजे. पन्हळ्यांच्या स्टेनलेस डब्यांचं नाव फिलाडेल्फियाच्या बड कंपनीशी जोडलेलं आहे. स्टेनलेस स्टील साध्या पद्धतीने वेल्ड केलं की सांध्याजवळ त्याची गंज न लागण्याची ताकद कमी होते. बडने क्षणभर जोरदार वीजप्रवाह सोडून ठिपक्या-ठिपक्याने जोडायची रीत वापरली, आणि त्यातून डब्याची अख्खी बॉडीच स्टेनलेसची झाली. त्यांची झेफर गाडी २६ मे १९३४ रोजी डेन्व्हरहून निघून १३ तास ५ मिनिटांत शिकागोला पोहोचली, हजार मैलांपेक्षा जास्त अंतर एका दिवसात, आणि तिच्या अंगावर रंग नव्हता. कॅनडात १९५५ च्या सुमाराचे बडचे डबे आजही धावतात. अशा डब्याच्या अंगावर गंजाचे ओघळ दाखवू नका. गंज दाखवायचा तो फार तर चाकांच्या बोगीवर आणि खालच्या सांगाड्यावर.

अमेरिकेतल्याच पुलमन-स्टँडर्ड कंपनीचे बरेच पन्हळी डबे मात्र आतून साध्या पोलादाचे आणि वरून स्टेनलेसचं आवरण लावलेले होते. आवरणामागे पाणी साचून आतलं पोलाद गंजायचं. तिथे पन्हळ्यांच्या खालच्या कडेला एखादी तपकिरी रेघ खरी वाटते. आणि तिसरा प्रकार असा की काही रेल्वे कंपन्यांनी जुन्या सपाट डब्यांना चंदेरी-करडा रंग देऊन वर गडद आडव्या रेघा मारल्या, लांबून पन्हळ्या वाटाव्यात म्हणून. तो डबा तुम्ही करत असाल तर सरळ चंदेरी रंगच बरोबर, आणि हा सगळा खटाटोप करायचं कारण नाही. म्हणून डब्यावर किंवा खोक्यावर काय लिहिलंय ते कळवा.

बडचा डबा धरून पुढे सांगतो. खिडक्यांची सपाट पट्टी आणि नावाची वरची पट्टी आधी मारा, सगळ्यात उजळ. ती निदान एक दिवस वाळली की तिच्यावर मास्किंग टेप लावा आणि मग पन्हळ्या मारा. क्रम उलटा केलात तर टेप पन्हळ्यांवर लावावी लागते, ती खाचांमध्ये बसत नाही आणि रंग खालून आत जातो. टेप आधी दोन-तीनदा पँटच्या कापडावर चिकटवून काढा, म्हणजे चिकटपणा उतरेल. काढताना स्वतःवरच दुमडत, हळू. पन्हळ्यांसाठी त्याच सिल्वरमध्ये थेंबभर काळा आणि त्याहून कमी तपकिरी घातला की झाक मला बरोबर वाटते, कारण स्टेनलेस अॅल्युमिनियमपेक्षा थोडं गडद आणि किंचित उबदार असतं. छप्पर आणखी एक पायरी मंद. दारं पट्टीपेक्षा जराशी वेगळी, इतकी थोडी की फोटोत कळावी, सांगितल्याशिवाय लक्षात येऊ नये. ८५ फुटांचा डबा आपल्या मापात जवळपास ३० सेंटीमीटरचा होतो. एवढ्या लांबीवर एकच झाक असली की खेळणं दिसतं, चार झाका असल्या की वजन येतं.

पन्हळ्यांची खालची बाजू गडद करायला चित्रकाराचा तैलरंग घ्या, काळा आणि रॉ अंबर, व्हाइट स्पिरिटमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ. आधी चमच्यावर तपासा, कारण काही धातुरंग स्पिरिटला सुटतात. मग बारीक ब्रशने पन्हळीच्या खाचेत सोडा, पंधरा मिनिटं थांबा आणि इअरबडने लांबीच्या दिशेनेच पुसा. उभं पुसलं की सगळी मेहनत जाते. हे झाल्यावर डबा खिडकीपाशी नेलात तर कळशी आठवेल.

धुळीबद्दल एक सांगतो. आपल्याला सवयीने आपल्या काळ्या मातीची धूळ हाताला येते. डेन्व्हर-शिकागोच्या गाडीवर ती लावू नका, तिथली धूळ फिकी, करडी-तपकिरी. चाकांजवळ ब्रेकची तपकिरी भुकटी थोडी जास्त. आणि डबे धुतले जायचे, म्हणून बाजू स्वच्छ आणि दोन्ही टोकं मळकी ठेवली तर पटतं.

क्लिअरने तुमचा डबा करडा का पडला, हे राहिलं. ओला क्लिअर वरच्या कपच्या हलवतो, आणि सुकल्यावर स्वतःचा एक थर उजेडाच्या वाटेत उभा करतो. मी शक्यतो क्लिअर मारत नाही. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील नाव किंवा चिन्ह) लावायची असेल तर गुळगुळीत धातूवर ती सरळ बसते, नंतर फक्त नावाच्या पट्टीवर पाण्यावरच्या ग्लॉसचा एक पातळ हात देतो. डबा काचेच्या कपाटात राहणार असेल तर एवढं पुरे. लहान मुलं हाताळणार असतील किंवा प्रदर्शनात दिवसभर रुळांवर फिरणार असेल, तर सगळ्यालाच पाण्यावरचा ग्लॉस मारा आणि थोडी चमक गेली ती गेली समजा. रंग बोटांनी घासून जाण्यापेक्षा ते बरं.

स्वयंपाकघरातल्या फॉइलबद्दल काहीजण सांगतील. दारांच्या उंबऱ्याला, सपाट पट्टीला ते छान दिसतं. एचओच्या पन्हळ्यांमध्ये दाबायला गेलो तेव्हा माझं प्रत्येक वेळी फाटलं.

पुढे आपल्याकडचे डबे करायचे असतील तर हे सगळं फार थोड्या ठिकाणी लागेल. आपल्या रेल्वेचा एलएचबी प्रकारचा डबा स्टेनलेसचाच, पण वरून रंगवलेला, त्यामुळे तिथे उघडं स्टील दारांच्या दांड्यांपुरतंच. दिल्ली मेट्रोचे डबे मात्र उघड्या स्टीलचे आहेत, आणि कुणी एचओमध्ये मन लावून केले तर मला बघायला फार आवडतील.

तूर्त डबा बाजूला ठेवा. प्लॅस्टिकचे डझनभर पांढरे चमचे आणा. चमच्याची पाठ पन्हळीसारखीच गोल असते. चार चमचे काळ्यावर, चार करड्यावर, चार सरळ प्लॅस्टिकवर, तोच सिल्वर, प्रत्येकी एक, दोन, तीन आणि चार हात. मागे मार्करने लिहून ठेवा. मग सकाळच्या उजेडात खिडकीत ओळीने मांडून फोटो टाका, ट्यूबलाइटखाली नको. कोणत्या चमच्यावर थांबायचं ते त्या फोटोवरून सांगता येईल.